टेप घेऊन फिरलेला उन्हाळा (होमस्कूलिंग, वर्गणी, प्रवास, लांबलचक आहे)

चाकोरीबाहेर
बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. मागे होमस्कूलिंगच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं की तुमच्या पोरांना उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे नक्की काय, रोजच सुट्टी की कधीच नाही, तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन पळ काढला होता. या उन्हाळ्यात त्याचं उत्तर सापडलं असं काही नाही, पण सांगण्यासारखं बरंच झालंय, थोडं न सांगण्यासारखंही झालंय, बघू.

पात्रपरिचय: मोठी ११ ची, धाकटा ८ चा, दोघंही शाळेत कधी गेलेले नाहीत. मोठीची एक जिवाभावाची मैत्रीण आहे, तिच्याच वयाची, ती रीतसर शाळेत जाते आणि व्हीलचेअर वापरते. नाव लिहीत नाही, मैत्रीणच म्हणते.

आमच्या वाचनालयाला तीन पायऱ्या आहेत. पुस्तक बदलायला दोघी बरोबर जायच्या पण आत एकटी मोठी. मग ती खिडकीतून पुस्तकांची नावं ओरडायची आणि ही खालून हो नको सांगायची, "ते वाचलंय", "त्याच्या शेजारचं बघ", असं अर्धा अर्धा तास. एक दिवस आतल्या काकांनी दोघींना झापलं की वाचनालयात शांतता पाळा. मैत्रीण म्हणाली, "पण मी वाचनालयात नाहीचे ना काका." काका गप्प. सुरुवात इथून झाली.

दुसऱ्या दिवशी धाकटा घरातली मोजपट्टी, ती स्टीलची टेप हो, सुतारकामाची, घेऊन तिथे जाऊन बसला. पायऱ्या मोजल्या तर १५, १६ आणि १४ सेंमी. तिन्ही सारख्या नाहीत याचाच त्याला केवढा धक्का! एकूण ४५. मग रॅम्प किती लांब लागतो ते शोधलं, तर सगळीकडे तेच प्रमाण सापडत गेलं, १:१२, म्हणजे १ सेंमी चढायला १२ सेंमी लांबी. ४५ गुणिले १२, ५४० सेंमी. तीन पायऱ्यांना पाच मीटर चाळीस! आपलं चुकलं असं वाटून त्यानं गुणाकार तीनदा केला, मग खडूनं जमिनीवर आखून बघितलं तर रेघ फाटकाच्या बाहेर रस्त्यावर गेली. म्हणजे रॅम्प सरळ येणार नाही, भिंतीच्या कडेनं आणावा लागणार. हे सगळं आठ वर्षांच्या पोरानं उकिडवं बसून काढलं, मी फक्त खडू आणून दिला (आणि गुडघ्यांची पँट धुतली).

पैसे कुठून आणायचे, तर वर्गणी. मोठ्या कागदावर रॅम्पचं चित्र काढलं, त्याचे १० सेंमीचे एकेक असे ५४ चौकोन केले. एका घरानं एक चौकोन घ्यायचा, चौकोनात आपलं नाव लिहायचं, हवं तर दोन घरांत मिळून एक. ज्यांना पैसे नाही जमत त्यांनी काम द्यायचं. एका गवंड्यानं तीन दिवसांची मजुरी दिली, त्याचे चौकोन सर्वात जास्त. मध्ये थोडी गडबड झाली होती, ते सोडून देते. शेवटी रॅम्प झाला, आणि तो वाळत असताना, म्हणजे वाळू द्यायचा नसतो हेही तेव्हाच कळलं, दोन्ही घरं मिळून आठ दिवस समुद्रावर गेलो. प्रवासाचं खाली प्रतिसादात लिहिते, आत्ता धाकटा लॅपटॉप मागतोय.

सुट्टीकर
वा! पुढील भागाच्या प्रतीक्षेत. "मी वाचनालयात नाहीचे ना" हे फारच भारी. पोरगी पुढे वकील होणार.

पायवाट
मस्त लिहिलंय. वाळू द्यायचा नसतो म्हणजे?

चाकोरीबाहेर
@पायवाट, मलाही तेच वाटायचं की सिमेंट वाळलं की घट्ट झालं. गवंडीदादांनी धाकट्याला समजावलं की सिमेंट सुकून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं, लवकर सुकलं तर तडे जातात आणि ताकद येत नाही. निदान सात दिवस ओलं ठेवायचं. त्यांनी वरचा थर ओला असतानाच खराटा आडवा फिरवला, चढण्याच्या दिशेला आडवा, म्हणजे बारीक रेघा उठतात आणि चाक किंवा पाय घसरत नाही. मग ओली गोणपाटं अंथरली. सकाळ संध्याकाळ पाणी मारायची ड्यूटी पोरांची. पहिले चार दिवस त्यांनी मारलं, नंतर आम्ही निघालो तेव्हा शांतता पाळा वाल्या काकांनी आपण होऊन बादली हातात घेतली. माणूस वाईट नाहीये हो.

शंकासुर
चांगलं आहे, कौतुक आहे, पण एक शंका. हे सगळं शाळेत जाणारं मूलही सुट्टीत करू शकतं. किंबहुना ती मैत्रीण शाळेतलीच आहे. मग यात होमस्कूलिंगचं विशेष काय? आणि नेहमीचा प्रश्न, परीक्षा बिरिक्षा, समाजात मिसळणं वगैरे. हलके घ्या.

खडूफळा
मी शिक्षक आहे, वीस वर्षं वर्गावर. शंकासुरांशी अर्धा सहमत. मुलं मोजमाप करतात, पैसे जमवतात, हे शाळेतही होतं. फक्त तिथे चाळीस मुलांत ते एका तासात उरकायचं असतं आणि पुढच्या तासाला दुसरा विषय असतो. "तीनदा गुणाकार केला" हे वाचून मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. माझ्या वर्गात तिसऱ्यांदा करायला वेळ कुणाकडे असतो?

अवांतर: अनस्कूलिंग (ठरीव अभ्यासक्रमाशिवाय, मुलाच्या कलानं शिकणं) हा शब्द रूढ केला तो जॉन होल्ट यांनी, तेही आधी शाळामास्तरच होते. १९७७ मध्ये त्यांनी घरी शिकणाऱ्या कुटुंबांसाठी एक नियतकालिक काढलं. शाळा सुधारायचा प्रयत्न करून करून थकल्यावर ते तिकडे वळले. त्यामुळे शाळावाले विरुद्ध घरवाले असा सामना लावायची गरज नाही असं आपलं माझं मत.

चाकोरीबाहेर
@शंकासुर, विशेष काही नाही हेच खरं उत्तर आहे. वेळ आहे एवढंच. आणि त्याचाही त्रास झाला बरं का, काम अर्ध्यात असताना मैत्रिणीची शाळा उघडली, सकाळपासून दुपारपर्यंत ती वर्गात आणि आमची दोघं रॅम्पपाशी. संध्याकाळी ती येऊन विचारायची आज काय झालं, आणि ही सांगायची, आणि सांगताना हिच्या आवाजात जरा मालकी यायला लागली होती. दोघींचं काम एकीचं होत चाललं होतं. मैत्रिणीच्या आईनं ते माझ्या आधी ओळखलं. मग ठरलं की शाळा सुटल्याशिवाय कुठलाच निर्णय घ्यायचा नाही, रंग सुद्धा नाही. गवंडीदादा वैतागले, पण थांबले.

परीक्षेचं म्हणाल तर तो देशादेशाचा वेगळा मामला आहे. अमेरिकेत सगळ्या ५० राज्यांत होमस्कूलिंगला कायद्याची मान्यता आहे पण अटी राज्यागणिक वेगळ्या, जर्मनीत तर शाळेत जाणं सक्तीचंच. आपापल्या ठिकाणचा नियम बघूनच काय ते करावं. मुलांना कधी परीक्षेला बसायचं असेल तेव्हा बाहेरून बसता येईल एवढी तजवीज आम्ही ठेवलीये, त्यावर वेगळा धागा काढा, इथे नको.

हिशेबी
मी पेशानं हिशेबनीस, त्यामुळे माझा रुक्ष प्रश्न. पैसे कुणी मोजले, कुठे ठेवले, पावत्या दिल्या का? आणि वाचनालयाची परवानगी आधी घेतलीत की नंतर? लहान मुलांच्या वर्गणीत लोक हे विचारायला लाजतात आणि मग भांडणं होतात, म्हणून विचारतोय.

चाकोरीबाहेर
@हिशेबी, वर्मावर बोट ठेवलंत. परवानगी नंतर घेतली. म्हणजे आठ चौकोन भरल्यावर वाचनालयाच्या कमिटीला कळलं की आपल्या दारात रॅम्प होतोय! त्यांचं म्हणणं रास्त होतं, बांधल्यावर तो कुणाच्या मालकीचा, फुटला तर दुरुस्ती कुणाची, पाणी तुंबलं तर कोण बघणार. मुलांना वाटलं होतं की चांगल्या कामाला परवानगी कशाला. तीन आठवडे सगळं बंद. मग कमिटीसमोर मोठी आणि मैत्रीण दोघींनी आराखडा मांडला, सभा रस्त्यावरच झाली कारण मैत्रीण आत जाऊ शकत नव्हती, सगळी कमिटी खुर्च्या घेऊन खाली आली. त्यानंतर विरोध राहिला नाही.

पैशांचं: बंद डबा, किल्ली मैत्रिणीच्या घरी आणि डबा आमच्या घरी. मोजायला कायम दोघं, त्यातलं एक मोठं माणूस, दोघांची सही. पावतीपुस्तक कार्बनवालं. एकदा हिशोब जुळेना, डब्यात जास्त निघाले आणि पावत्या कमी. कमी निघाले असते तर मी समजू शकले असते, जास्तीचं काय करायचं? दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी कळलं की कुणीतरी आजोबा जाता येता डब्यात टाकत होते, नाव नको म्हणून.

हिशेबी
किल्ली एका घरी डबा दुसऱ्या घरी, हे मोठमोठ्या मंडळांना सुचत नाही. परवानगीबद्दल एक जोड देतो, बऱ्याच ठिकाणी सार्वजनिक वर्गणी गोळा करायलाही रीतसर परवानगी लागते, नुसती वाचनालयाची पुरत नाही. कुणी हे वाचून सुरू करणार असाल तर आधी चौकशी करा.

चौकोनांची कल्पना जुनी आहे पण अस्सल आहे. १८८५ साली न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचा चौथरा पैशांअभावी अडला होता तेव्हा जोसेफ पुलित्झरनं आपल्या वर्तमानपत्रातून आवाहन केलं की देणगी कितीही लहान असो, देणाऱ्याचं नाव छापणार. पाच महिन्यांत लाखावर डॉलर जमले आणि बहुतेकांची रक्कम एका डॉलरच्याही आतली होती. नाव छापून आलं की तो चौथरा आपला वाटतो. आपला पैसा फंडही त्याच जातीचा, अंताजी काळ्यांनी एकेक पैसा गोळा करत उभा केला, टिळकांनी उचलून धरला आणि १९०८ मध्ये त्यातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला.

चाकांवरची
मी स्वतः व्हीलचेअर वापरते, त्यामुळे दोन प्रश्न, एक सोपा एक अवघड.
सोपा: रॅम्प संपतो तिथे वर, दाराशी, सपाट जागा किती आहे?
अवघड: "मध्ये थोडी गडबड झाली होती" असं लिहून तुम्ही जे सोडून दिलंत ते काय होतं? माझा अंदाज आहे. चुकला तर आनंदच होईल.

गोगलगाय
मलाही ते वाक्य खटकलं होतं. +१

चाकोरीबाहेर
सोप्याचं आधी. तिथेही फसणारच होतो. दारासमोरचा ओटा जेमतेम ९० सेंमी आणि दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. पहिल्या आराखड्यात रॅम्प थेट ओट्याला भिडत होता. मैत्रिणीनं कागद बघून विचारलं, "मी वर पोचले, आता दार ओढायला मागे सरकू कुठे? परत खाली?" आमच्यातल्या एकालाही हे सुचलं नव्हतं. मग ओटा दीड मीटरचा केला, खर्च वाढला.

आता अवघड. तुमचा अंदाज बहुधा बरोबर असणार.

चौकोनांचं पोस्टर दुसरं होतं. पहिलं पोस्टर मी केलं होतं. हो, मी, मुलांनी नाही. त्यावर मैत्रिणीचा फोटो होता, पायऱ्यांच्या खाली बसलेली, वर बघताना, आणि खाली "आमच्या मैत्रिणीला आत येऊ द्या". फोटो काढायच्या आधी तिला विचारलं होतं, ती हो म्हणाली होती. चार दिवसांत डबा भरत आला. लोक थांबून वाचायचे, डोळे पुसायचे, एका बाईंनी तर तिला रस्त्यात गाठून डोक्यावरून हात फिरवला आणि "देव बघतोय गं बाळा" म्हणाल्या. त्या संध्याकाळी ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मोठी तिच्या घरी गेली तर दाराआडून सांगितलं, "तुमचं पोस्टर माझ्याबद्दल आहे. पायऱ्यांबद्दल नाहीये."

नऊ दिवस बोलली नाही. मोठी माझ्याशी त्यातले सहा दिवस बोलली नाही. मी घरी शिकवणारी, मुलांचं ऐकून घेणारी वगैरे वगैरे, आणि मला हे दिसलं नाही कारण डबा भरत होता.

चाकांवरची
हाच अंदाज होता. लिहिल्याबद्दल आभार, बरेच जण लिहीत नाहीत.

माझाही असा फोटो आहे एका जुन्या माहितीपत्रकात, सात वर्षांची असतानाचा. छान हसतेय मी त्यात. मला तो अजून बघवत नाही. ऑस्ट्रेलियात स्टेला यंग म्हणून पत्रकार होती, विनोदी कार्यक्रमही करायची, स्वतः व्हीलचेअरवर, २०१४ साली गेली बिचारी लवकर. तिचं म्हणणं असं की पायऱ्यांकडे बघून कितीही गोड हसलं तरी त्यांचा रॅम्प होत नाही. आम्हाला बघून लोकांना भरून येतं, त्यांना बरं वाटतं, आणि पायऱ्या तिथेच राहतात. संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार आहे, त्यात सार्वजनिक जागी विनाअडथळा जाता येणं हे सरळ हक्क म्हणून आलंय. तुमच्या मैत्रिणीनं करार न वाचता तेच सांगितलं.

एक विचारते, त्या चार दिवसांच्या पैशांचं काय केलंत?

शंकासुर
थोडं वेगळं बोलू का? हेतू चांगला होता, पैसे चांगल्या कामाला लागले, मुलीनं हो म्हटलं होतं. इतकं मनाला लावून घ्यायची गरज आहे? टेरी फॉक्सनं १९८० साली कृत्रिम पायानं १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावून कर्करोग संशोधनासाठी निधी जमवला, त्याचेही फोटो सगळीकडे होतेच की.

चाकांवरची
@शंकासुर, टेरी फॉक्स स्वतः धावत होता, मोहीम त्याची, आवाहन त्याचं, आणि पैसे त्याला आत घेण्यासाठी नव्हते, संशोधनासाठी होते. तो पायऱ्यांखाली बसून वर बघत नव्हता. फरक एवढाच आणि एवढा मोठा.

शंकासुर
हं. हे पटलं. मागे घेतो.

सुट्टीकर
शंकासुरांनी मागे घेतलं?? तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी. :)

चाकोरीबाहेर
@चाकांवरची, पैशांचं: मैत्रीण परत आली तीच अट घेऊन. ज्यांनी फोटो बघून दिले त्या प्रत्येकाला सांगायचं की पोस्टर बदललंय, आता हे असं आहे, पैसे परत हवेत का. सांगायला मी जायचं, मुलांनी नाही. गेले. एकवीस घरं होती. बहुतेक म्हणाले ठेवा, चौकोनात नाव लिहा. एकांनी परत घेतले, म्हणाले, "मी त्या मुलीसाठी दिले होते, पायऱ्यांसाठी नाही." तेच वाक्य, उलट्या बाजूनं. मी पावती रद्द करून पैसे दिले आणि गल्लीच्या टोकाला जाऊन थोडा वेळ उभी राहिले.

आणि आता गुळगुळीत करून सांगत नाही, फोटोच्या पोस्टरनं चार दिवसांत जेवढं जमलं तेवढं चौकोनांच्या पोस्टरनं पहिल्या दोन आठवड्यांत जमवलं नाही. हळूहळूच झालं. नवीन पोस्टरचा मजकूर मैत्रिणीनं लिहिला: "पायऱ्या ३. उंची ४५ सेंमी. रॅम्प ५४० सेंमी. आज कुठपर्यंत आलाय?" बास. खाली बाबागाडी, काठीवाले आजोबा, पुस्तकांची ढकलगाडी आणि चाकाची खुर्ची, सगळे एका रांगेत काढलेले. रॅम्प झाल्यावर सर्वात आधी त्यावरून कोण गेलं माहितीये, पुस्तकांची ढकलगाडी. काका तीन वर्षं खोकी उचलून चढवत होते.

खडूफळा
"तेच वाक्य, उलट्या बाजूनं" इथे थांबलो. पुढचं सावकाश वाचेन.

पायवाट
समुद्राचं राहिलं ना पण?

चाकोरीबाहेर
हो हो, समुद्र. सविस्तर लिहिते, रात्र माझी आहे, पोरं झोपलीत.

रेल्वेनं गेलो. आमच्या पोरांना टेपचं वेड लागलेलं, त्यामुळे जिथे रॅम्प दिसेल तिथे उतरून मोजायचं. उंची भागिले लांबी. मोबाईलमध्ये अंश दाखवणारं अॅप असतं, ते पृष्ठभागावर ठेवायचं, १:१२ म्हणजे पावणेपाच अंशाच्या आसपास. मैत्रिणीला अॅप लागायचंच नाही, ती दोन फूट चढली की सांगायची, "आठ", आणि आठ निघायचे. आठ दिवसांत अकरा रॅम्प मोजले, त्यातले चार बरोबर. एक ११ अंशांचा होता, त्यावर तिचा बाबा सुद्धा धापा टाकत ढकलत होता. एक अगदी मापात बांधलेला, संगमरवरी, आणि वर पोचलं की दाराला कुलूप. एकाच्या मधोमध झाडाची कुंडी. मैत्रिणीनं वहीत त्यापुढे लिहिलं, "रॅम्प: उत्तम. झाड: उत्तम. एकत्र: नाही."

पहिल्या दिवशी किनाऱ्यावर पोचलो आणि चाकं वाळूत रुतली. कोरडी वाळू म्हणजे काय ते ढकलल्याशिवाय कळत नाही. दोन्ही बाबांनी उचलून न्यायची तयारी दाखवली, ती नको म्हणाली, कठड्यापाशीच बसली. आमचं सगळ्यांचं तोंड उतरलेलं. संध्याकाळी पाणी मागे गेलं तसा धाकटा ओल्या वाळूवर उड्या मारत होता आणि ओरडला की इथे पाय रुतत नाही! ओहोटीनं उघडी पडलेली वाळू ओली आणि दाबलेली असते, जवळजवळ रस्त्यासारखी. तिथे खुर्ची चालली. म्हणजे नुसती चालली नाही, पळाली. ती आणि मोठी पाण्याच्या कडेनं इतक्या लांब गेल्या की आम्हाला हाका माराव्या लागल्या. मागे खुर्चीच्या दोन रेघा आणि त्यांच्या मधोमध मोठीची पावलं, ती मागून ढकलत होती, आणि थोड्या अंतरावर पावलं रेघांच्या बाहेर शेजारी आलेली, म्हणजे तिथून पुढे मैत्रिणीनं स्वतः चाकं मारली. फोटो नाही काढला. काढावासा वाटला, पण नाही काढला.

मग प्रश्न असा की ओली वाळू कधी मिळणार. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला गेलो तर पाणी अजून पुरतं मागे गेलं नव्हतं. धाकट्यानं वेळापत्रक करायला घेतलं. रोजची ओहोटी आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटांनी उशिरा. का? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते तेवढ्यात चंद्र पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला अजून ५० मिनिटं लागतात. पुस्तकात हे मी त्यांना दोन वर्षांपूर्वी वाचून दाखवलं होतं, दोघांनी मान डोलावली होती, डोक्यात काही शिरलं नव्हतं. आता मैत्रिणीचा पूर्ण दिवस त्या ५० मिनिटांवर ठरत होता, कधी फिरायला, कधी झोपायला. अमावस्येच्या सुमाराला गेलो होतो त्यामुळे पाणी लांबवर मागे जायचं आणि पट्टा रुंद मिळायचा, नंतर नंतर अरुंद होत गेला, तेही त्यांनी काठी रोवून मोजलं. उधाण (मोठी भरतीओहोटी) आणि भांग (लहान भरतीओहोटी) हे शब्द आमच्याकडे आता रोजच्या बोलण्यात आहेत. धाकट्याला झोपायला उशीर झाला की "आज पन्नास मिनिटं" म्हणतो.

गोगलगाय
पन्नास मिनिटं, लोल. आमच्याकडे रोज आहे हे, अमावस्या असो नसो.

अनवाणी
आम्हीही घरी शिकवतो, दोन मुली. तुमचं वाचून एक सांगावंसं वाटलं, आमच्याकडे गेल्या वर्षी असंच काम सुरू केलं, पैसे जमले पण मुलींचा रस संपला, शेवटी मी आणि नवरा रात्री बसून पावत्या लिहीत होतो. पोरं दमली तर काय करता तुम्ही?

चाकोरीबाहेर
@अनवाणी, दमली की. धाकटा तर मध्ये दोन आठवडे फिरकलाच नाही, त्याला किड्यांचं वेड लागलं होतं. परत आणला तो गवंडीदादांनी. त्यांच्याकडे ती पारदर्शक नळी असते ना, पाणी भरलेली, दोन टोकं दोन ठिकाणी धरायची आणि पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला येतं, त्यावरून उंची काढतात. धाकट्याचा विश्वासच बसेना, नळी मध्ये वाकडी केली, गाठ मारायला बघितली (मारू दिली नाही), जमिनीवर लोळवली, तरी पाणी आपलं तिथेच. आणि त्या नळीनं त्याचंच माप खोटं ठरवलं! त्यानं मोजले होते पायऱ्यांपाशी ४५, पण रॅम्प जिथून सुरू होणार होता तिथे जमीन ३ सेंमी खाली होती. म्हणजे ४८, गुणिले १२, ५७६. छत्तीस सेंमी वाढले. ५४ चौकोन तेव्हा भरत आले होते, लोकांना काय तोंडानं सांगणार? मैत्रिणीनं पोस्टरवर खाली चार चौकोन चिकटवले आणि लिहिलं, "माप चुकलं होतं. आता बरोबर आहे." एका दिवसात गेले चारही. का ते मला माहीत नाही, आधीचे पन्नास भरायला दोन महिने लागले होते.

हिशेबी
चूक जाहीर लिहिली की लोकांचा हिशोबावर विश्वास बसतो. आमच्या धंद्यात हे कुणाला पटवता येत नाही.

पण ३६ सेंमीला चार चौकोन म्हणजे चार सेंमी जास्तीचे विकलेत. :)

चाकोरीबाहेर
@हिशेबी, ते चार सेंमी कठड्याला लावलेत हो, पावती आहे!

ताजी खबर: आज सकाळी रॅम्पच्या तोंडाशी कुणीतरी सायकल लावून गेलं. मैत्रिणीनं चिठ्ठी चिकटवली सायकलला, मजकूर विचारला तर सांगत नाही. सायकल दुपारी गेली, पुन्हा आली नाहीये.

चाकांवरची
चिठ्ठीचा मजकूर कळला तर मला व्यक्तिगत निरोप करा, मला रोज लागतो.

चाकोरीबाहेर
हा धागा मैत्रिणीला आणि तिच्या आईला दाखवला, त्यांच्या परवानगीशिवाय आधी टाकायला नको होता, तीही चूक माझीच, पण राहू दे म्हणाल्या. मैत्रिणीनं शेजारी बसून सांगितलं ते जसंच्या तसं टाइप करतेय:

"काकूंनी लिहिलंय की फोटो काढायला मी हो म्हणाले. मी चालेल म्हणाले होते. ते वेगळं असतं. भरतीओहोटीचं पहिलं वेळापत्रक मी केलं, त्यानं नाही, त्यानं रंगवलं. अकरा रॅम्पमधले चार नाही, तीन बरोबर होते, चौथ्याला कठडा एकाच बाजूला होता. बाकी बरोबर आहे."